दूधआईचे ऐतिहासिक स्थान : धाराऊ आणि लानिके

राजघराण्यांच्या इतिहासात दूधआईची स्वतंत्र दखल क्वचितच घेतली जाते. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजी राजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती क्षीण असल्याने गडाजवळील कापूरहोळच्या गाडे पाटील घराण्यातील धाराऊ हिने राजपुत्रास दूध पाजले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई निवर्तल्या. त्यानंतर राजपुत्राचा सांभाळ सिंदखेडच्या जाधव कुळातील जिजाबाईंनी केला, हे सर्वश्रुत आहे. धाराऊचा उल्लेख मात्र बहुधा एका वाक्यात संपतो.

या संदर्भात मॅसेडोनियाच्या अलेक्झांडरची दाई लानिके हिचे उदाहरण उद्बोधक ठरते. ती सरदारकन्या होती. तिचा भाऊ क्लायटस याने इ.स.पू. ३३४ मध्ये ग्रॅनिकसच्या लढाईत अलेक्झांडरचे प्राण वाचविले. इ.स.पू. ३२८ मध्ये आजच्या समरकंद येथे मद्यधुंद अलेक्झांडरने त्यालाच ठार केले. आरियनच्या वृत्तांतानुसार, शोकाकुल राजा लानिकेचे नाव घेऊन आक्रंदत होता. तिचे पुत्र त्याच्यासाठी लढताना पडले होते आणि भाऊ त्याच्याच हातून गेला होता. म्हणजे लानिके इतिहासात येते ती राजाच्या पश्चात्तापातून. तिचे स्वतःचे दुःख कोणी नोंदविले नाही.

धाराऊचे पुत्र अंतोजी व रायाजी हे परंपरेने संभाजी महाराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले जातात. दुधाचे नाते केवळ ममतेचे नव्हते. त्याने गावपाटलाचे घर राजनिष्ठेशी बांधले जाई.