ताम्रपटापासून चिपपर्यंत: कोरलेला आणि पुसता येणारा मजकूर

१/ खारेपाटण येथे शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट सापडला. आत्रेय या शैव आचार्यांना दिलेल्या ग्रामदानाची त्यात नोंद आहे. दान कोणाला बदलता येऊ नये, म्हणून ते तांब्यात कोरले गेले.

२/ इलेक्ट्रॉनिक चिपही दीर्घकाळ अशीच होती. कोणते गेट कोणास जोडायचे, हे कारखान्यातच कायमचे ठरे. रचनेत चूक निघाली, तर चिप नवी घडवावी लागे.

३/ १९७८ मध्ये अमेरिकेतील मोनोलिथिक मेमरीज या कंपनीने ‘पाल’ ही चिप आणली. तिच्यातील गेटांच्या जाळीत सूक्ष्म फ्यूज असत. नको ते फ्यूज अभियंता स्वतः जाळी. उरलेल्या जोडण्यांतून त्याला हवे ते मंडल तयार होई. मात्र जळालेला फ्यूज पुन्हा सांधता येत नसे. कोरणारा हात बदलला, लेख मात्र कायमचाच राहिला.

४/ १९८५ मध्ये झायलिंक्सने पहिली व्यापारी ‘एफपीजीए’ चिप आणली. तिच्यात ६४ तर्कखंड होते. चार संकेतांच्या १६ शक्यता होतात. प्रत्येकीचे उत्तर, ० किंवा १, स्मृतीतील कोष्टकात लिहिलेले असे. कोष्टक बदलले की मंडल बदलले! वीज जाताच हा मजकूर पुसला जाई आणि वीज येताच पुन्हा भरला जाई.

५/ याचे महत्त्व पुणे जिल्ह्यातील खोडद येथे दिसते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांचे संकेत एकत्र जुळवणारी पहिली यंत्रणा ठरावीक कामासाठीच घडवलेल्या चिपांची होती. ती कमाल ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळी. नव्या यंत्रणेत एफपीजीए संकेतांचे अंकीकरण सांभाळतात, पुढील गणित संगणक करतात. पट्टा आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत आहे. ग्राहक यंत्रणाही नव्या आल्या. अवाढव्य तबकड्या मात्र त्याच राहिल्या.

६/ दानाला अढळपणा हवा, संशोधनाला दुरुस्तीची मुभा. पण या मुभेची किंमत आहे. रट्टराजाचा लेख हजार वर्षांनंतरही वाचता येतो. उद्याच्या इतिहासकाराला अशी चिप सापडली, तरी ती कोरीच असेल. म्हणून यंत्रांइतकेच त्यांत भरलेल्या मजकुराचे जतन करणे, हेही आता इतिहासाचेच काम आहे.