दोन भाषा बोलणारी घरे

मराठी माणसाच्या इतिहासात भोपाळ येते ते बहुधा लढाईच्या निमित्ताने. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला भोपाळपाशी कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईचा तह करून घेतला, हे आपण शाळेत घोकलेले असते. पुढे १८१२ ते १८१४ च्या सुमारास शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी याच शहराला वेढा घातला व वजीर मोहम्मद खानाने तो निकराने परतवला, हे मात्र आपल्या कानावर फारसे आलेले नसते. तिसरे निमित्त लढाईचे नाही, दप्तरांचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि सचिवालयाच्या दप्तरांबरोबर कितीतरी मराठी संसारही गेले. आपल्या बैतूल, छिंदवाडा, बऱ्हाणपूर या पट्ट्यातल्या घराघरांतून कुणी ना कुणी तिथे नोकरीला, शिकायला, नाहीतर वल्लभ भवनात अर्ज घेऊन गेलेला असतोच.

काम उरकले की आपण तलाव पाहतो, सांचीला जाऊन येतो आणि परतीची गाडी धरतो. भोपाळच्या जुन्या घरांकडे मात्र क्वचितच कुणी थांबून पाहतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी गेली काही वर्षे ती घरे पाहत आलो आहे. जुने घर नव्या काळात नांदते कसे ठेवावे, हा आपल्या गावोगावच्या वाडेकऱ्यांना छळणारा प्रश्न. त्याची बरी-वाईट, यशस्वी-अयशस्वी सगळी उत्तरे या एका शहरात पाहायला मिळतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

भोपाळच्या इतिहासाचे वैशिष्ट्य असे, की १८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षे सोडली, तर येथे चार स्त्रियांनी राज्य केले. कुदसिया बेगम, सिकंदर बेगम, शाहजहान बेगम आणि सुलतानजहान बेगम. या चौघींचा कारभार बराचसा बांधकामांतून बोलतो. कुदसिया बेगमेचे एक नाव गौहर. तिने १८२० मध्ये मोठ्या तलावाच्या काठी बांधलेला गौहर महाल आजही उभा आहे. आत शिरले की चौक, चौकाभोवती कमानी, नक्षीदार लाकूडकाम. मुघल धाटणीच्या कमानीशेजारी हिंदू घरातली वाटावी अशी कोरीव कामगिरी सहज नांदते. जवळच्या शौकत महालात तर युरोपीय धाटणी उघड दिसते. त्याचा आराखडा एका फ्रेंच माणसाने केला असे सांगतात. बोर्बोन आडनावाचे एक फ्रेंच वंशाचे घराणे भोपाळ दरबारात मोठ्या हुद्द्यांवर होते, हे तर इतिहासाला ठाऊकच आहे.

याच कुदसिया बेगमेने शहराला फुकट पाणी मिळावे म्हणून नळयोजना करवली. नळ ही त्या काळी केवढी नवी गोष्ट! तरीही जुन्या शहरात ती आणताना आपण परंपरेला बट्टा लावतो आहोत, असे तिला वाटले नाही. तेव्हा पहिला मुद्दा हा, की ज्याला आपण आज ‘जुने’ म्हणून हात जोडतो, ते आपापल्या काळी जुन्या-नव्याचे मिश्रणच होते. शुद्ध जुने असे काही नव्हतेच. म्हणून जुन्या वास्तूत विजेचा दिवा आणि स्नानगृह आले की ती भ्रष्ट झाली, हा समज आधी मनातून काढून टाकला पाहिजे.

येथे एक भेदही लक्षात ठेवावा. सांची भोपाळ संस्थानात होते. १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शल यांनी तेथील स्तूपांची दुरुस्ती केली, तिला भोपाळ दरबाराने पैसा पुरवला. ते काम थोरच. परंतु स्तूपात कुणी राहत नाही. तो होता तसा राखला म्हणजे कर्तव्य संपले. घराचे तसे नाही. घरात चूल पेटावी लागते, लेकराला अभ्यासाला उजेड लागतो, म्हाताऱ्या माणसाला रात्री पायऱ्या न उतरता जाता येईल असे शौचालय लागते. घर केवळ राखून भागत नाही, ते वापरावे लागते. न वापरलेले घर कसे होते, याचे उदाहरण भोपाळातच आहे.

शाहजहान बेगमेने १८७१ ते १८८४ या काळात शहाजहानाबादेत आपला प्रचंड राजवाडा बांधला. त्याला ताजमहाल असे नाव पडले. आत ‘सावन-भादों’ नावाचा मंडप होता. उन्हाळ्यात पाणी खेळवून तेथे श्रावणसरींचा भास निर्माण करीत. शेजारच्या बेनझीर महालाच्या आसपास एकाखाली एक असे तीन तलाव, वरच्याचे पाणी खालच्यात उतरणारे. पुढे राज्य गेले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची बिऱ्हाडे काही वर्षे या ताजमहालात राहिली आणि मग बैरागढला हलली. त्यानंतर राजवाडा ओस पडला तो पडलाच. छते खचली, लाकूड गेले, भिंतींतून पिंपळ उगवले. २००५ मध्ये राज्याने त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला. पण मधल्या पन्नास वर्षांत पावसाने जे नेले ते दर्जा देऊन परत येत नाही. ज्या वास्तूने बेघरांना छप्पर दिले, तिला पुढे स्वतःचेच छप्पर सांभाळणारा कुणी मिळाला नाही.

याउलट मिंटो हॉलची गोष्ट. १९०९ च्या नोव्हेंबरात लॉर्ड मिंटोंच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, आणि काम पुरे व्हायला जवळजवळ चोवीस वर्षे लागली. त्यानंतर त्या इमारतीने काय काय पाहिले! कचेऱ्या पाहिल्या, महाविद्यालय पाहिले, आणि १९५६ पासून १९९६ पर्यंत मध्य प्रदेशची विधानसभा तेथे भरली. विधानसभा नव्या भवनात गेल्यावर ती काही काळ केविलवाणी झाली होती. पण २०१८ पर्यंत तिची दुरुस्ती होऊन तेथे परिषदांचे सभागृह झाले. २०२१ मध्ये तिला कुशाभाऊ ठाकरे यांचे नाव देण्यात आले. धारला जन्मलेल्या एका मराठी माणसाचे नाव एका इंग्रज लाटसाहेबाच्या जागी आले. राजकारणाचा भाग बाजूला ठेवू. वास्तूच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की शंभर वर्षांत तिचे काम पाच-सहा वेळा बदलले आणि म्हणूनच ती टिकली. पुण्याच्या विश्रामबाग वाड्याचेही असेच झाले. दुसऱ्या बाजीरावाचा तो वाडा. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा आली, पुढे कचेऱ्या आल्या. पेशव्यांचा शनिवारवाडा जळाला, हा राहिला.

खाजगी वास्तूंचा मार्ग निराळा. सुलतानजहान बेगमेचे पुत्र जनरल ओबेदुल्ला खान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शामला टेकडीवर जहांनुमा पॅलेस बांधला. १९८३ मध्ये त्याचे हॉटेल झाले. नवाब हमीदुल्ला खान यांनी थोरली कन्या आबिदा सुलतान हिच्यासाठी बांधलेला नूर-उस्-सबाह महालही आज हॉटेल आहे. १८९८ ची सदर मंझिल आधी दरबाराची, मग कित्येक वर्षे महापालिकेची कचेरी. अलीकडे तिचीही डागडुजी होऊन तिला हॉटेलाचे रूप आले. वातानुकूलन, नळ, लिफ्ट, सगळे आले. कमानी आणि व्हरांडे राहिले. हे चांगलेच झाले, असे मी म्हणेन. परंतु संपूर्ण समाधान होत नाही. कारण जुन्या भोपाळच्या जीवनाचे खरे केंद्र महालात नव्हते, ते पटियांवर होते. घरापुढच्या, दुकानापुढच्या दगडी पटियांवर रात्री उशिरापर्यंत माणसे बसत, गप्पा रंगत, शेर ऐकवले जात. आपल्या ओट्यासारखेच ते. रस्ता रुंद करताना पटिया गेली, किंवा दरवाज्यावर पहारेकरी बसला, की भिंत वाचते आणि घर हरवते. जुन्याच्या जतनाचा हिशेब केवळ दगड-विटांत मांडला तर ही तूट वहीत दिसतच नाही.

मग जुने आणि नवे एकत्र आणावे कसे? भोपाळने याचेही एक उत्तर दिले आहे, आणि ते नव्या इमारतीने दिले आहे. मूळचे गोमंतकीय असलेले वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी मोठ्या तलावाच्या उतारावर भारत भवन बांधले. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. रस्त्यावरून पाहाल तर इमारत दिसतच नाही. टेकडीच्या उतारात उतरत जाणाऱ्या गच्च्या आणि त्यांच्या पोटात खोलगट चौक. कोरियांनी गौहर महालाची नक्कल केली नाही, एकही खोटी कमान उभारली नाही. काँक्रीट काँक्रीटसारखे ठेवले. पण चौकाचे तत्त्व घेतले. वरून आकाश, खाली सावली, कडेने वावर. ही आपल्या हवामानाची हजार वर्षांची शिकवण आहे. १९९६ मध्ये विधानसभा ज्या नव्या भवनात गेली, तेही कोरियांचेच. त्यातही चौकच चौक आहेत.

येथे मला आपल्या द्विभाषिक जिल्ह्यांचा अनुभव उपयोगी वाटतो. आपण घरात मराठी बोलतो, बाजारात आणि कचेरीत हिंदी. ज्याला दोन्ही भाषा नीट येतात तो दोन्ही स्वच्छ बोलतो. जिथे जी हवी तिथे ती. ज्याला एकही धड येत नाही तो दोहोंची खिचडी करतो आणि वर तिलाच आधुनिकपणा म्हणतो. घराचेही तसेच आहे. जुन्या भागाने जुन्याचे व्याकरण पाळावे, नव्याने नव्याचे. जुन्या भिंतीवर सिमेंटची खोटी महिरप चिकटवणे आणि सागवानी खांबाला ऑइलपेंट फासणे, ही दोन्ही भाषांची अशुद्धे आहेत.

व्याकरणाचे काही नियम जुन्या गवंड्यांकडून शिकलो ते सांगतो. जुनी भिंत मातीची किंवा चुन्याची. ती ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून, मूळ भिंतीची कातडी घेऊन, गळून पडतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. विजेच्या तारांसाठी भिंतीला टाकी लावून घळी पाडू नयेत. नळीतून वरूनच न्याव्यात, उद्या काढता येतात. न्हाणीघर व शौचालय कडीपाटाच्या मजल्यावर घेऊ नये. तुळईचे टोक भिंतीत कुजते आणि कुणाला कळतही नाही. ते मागच्या पडवीला लागून, स्वतःच्या पायावर, उघडपणे नव्या पद्धतीने बांधावे. मातीच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकू नये. त्या भिंती तो भार पेलण्यासाठी नव्हत्याच. आणि चौक झाकायचाच असेल तर छप्पर हातभर उंच उचलून, कडेने वारा खेळता ठेवून झाकावा. या साऱ्या नियमांचे सार एकच. नवे असे बसवावे, की पुढच्या पिढीला ते जुन्याला धक्का न लावता काढता यावे.

आपल्याकडचे वाडे पडतात ते मात्र अज्ञानापेक्षा वाटणीने. चार भाऊ, चार वाटण्या. चौकातून विटांची भिंत जाते, माजघर एकाकडे आणि त्याचा उजेड दुसऱ्याकडे जातो. मग एक भाऊ नागपूरला, एक भोपाळला. कुलूप लागते, कौले सरकतात, पावसाळे येतात. शेवटी दारे-खांब विकले जातात, आणि आपल्या आजोबांच्या ओटीचा खांब कुठल्यातरी शहरातल्या उपाहारगृहाच्या दाराशी शोभेला उभा राहतो. जागेवर तीन मजली इमारत होते, खाली दुकाने. हे घर गेले की त्याबरोबर काय जाते? माझ्या वर्गातल्या मुलांना मी ‘ओसरी’ आणि ‘माजघर’ हे शब्द शिकवतो तेव्हा त्यांना ते चित्र काढून दाखवावे लागतात. घरी मराठी बोलणारीच ही मुले. सरकारी कागदावरची भाषा दुसरी, शाळेतली दुसरी. आपली भाषा उरली ती घराच्या आत. कोनाडा, उंबरा, बळद, पोटमाळा, परसदार हे शब्द कोशात राहतील, पण तोंडात राहायचे तर त्या वस्तू डोळ्यांसमोर हव्यात. इतर जिल्ह्यांत वाडा पडला तर एक वास्तू पडते. आपल्याकडे त्याच्याबरोबर भाषेची एक खोलीही पडते.

म्हणून वाटणीच करायची तर मालकीची करावी, चौकाची करू नये. चौक सामाईक ठेवून चार बिऱ्हाडे नांदू शकतात. पूर्वी नांदतच होती. सगळा वाडा झेपत नसेल तर निदान ओटी आणि दर्शनी सोपा राखावा आणि मागे हवे तसे नवे घर बांधावे. पुढचा सोपा शिकवणीच्या वर्गाला द्या, वाचनालयाला द्या, नाही तर दुकानाला द्या. पण त्याला काम द्या. मिंटो हॉल आणि ताजमहाल या दोन वास्तूंच्या नशिबात फरक पडला तो तेवढ्यामुळेच.

दिवाळीनंतर, पाऊस उघडून भिंती वाळल्या की आपल्याकडे घरांची कामे निघतात. यंदा ज्यांच्या वाड्याचे काम निघणार असेल त्यांना एवढेच सुचवतो, की गवंड्याच्या हाती घण देण्याआधी एक दिवस द्यावा. घरातल्या सर्वांत वडील माणसाला हाताला धरून खणाखणातून फिरवावे, कुठे काय होते ते विचारावे, आणि एखाद्या वहीत तिथल्या तिथे, त्यांच्याच शब्दांत, लिहून घ्यावे.