खातं वाचण्याचा हक्क

पोंभुर्ण्याच्या आमच्या घरात कुडाच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असायच्या. तो अब्बांचा हिशेब. पावसाळ्यात दिढीने आणलेल्या धानाची पायलीमागे एक रेघ. सुगीनंतर सावकार वही उघडायचा. भिंत आणि वही कधी जुळली नाही. अंगठा वहीवर होता, म्हणून वहीच खरी ठरायची.

परवा मुलाच्या क्रेडिट कार्डाचं बिल पाहिलं आणि ती भिंत आठवली. ‘किमान रक्कम भरली, आता काळजी नाही,’ असं तो म्हणत होता.

कर्जदाराला हिशेब दिसावा, यासाठी महाराष्ट्रात मोठी किंमत मोजली गेली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांवर चालून गेले. दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. हाती लागली ती खतं त्यांनी जाळली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचं हिशेबपत्रक आणि मागितल्यास पासबुक, हे शेतकऱ्याचे हक्क ठरले. खताच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासणं हे कोर्टाचं काम झालं.

आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. तिथे सावकारांवर कर्जदाराला लेखी हिशेब देण्याचं बंधन घालणारा कायदा १९३४ मध्ये आला. अब्बांच्या हाती मात्र असा कागद कधी पडला नाही. पडला असता, तरी वाचणार कोण?

आज हिशेब न मागता येतो. त्यात एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम असे दोन आकडे असतात. समजा, देणं २०,००० आणि किमान रक्कम १,००० रुपये आहे. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज ७०० रुपये, त्यावर १८ टक्के कर १२६ रुपये. म्हणजे हजारातले १७४ रुपयेच मुद्दलाला लागले. शिवाय पूर्ण रक्कम मुदतीत भरली नाही, तर व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी सवलतही जाते. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबते, हा इशारा बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत बंधनकारक केलं.

मुलाने तो इशारा त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. अब्बांना वही वाचता येत नव्हती. आपल्याला येते, आणि आपण वाचत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)