नगरचे सतरा ठोके

अहिल्यानगरचा एसटीडी कोड ०२४१. जुन्या काळ्या फोनवर तो लावायचा म्हणजे चकती चारदा फिरवायची आणि तारेवरून एक्स्चेंजकडे सतरा ठोके जायचे : शून्याचे दहा, मग दोन, चार आणि एक. बोटाने चकती ओढताना काहीच जात नसे. बोट काढले की स्प्रिंग तिला मागे खेचे, आतला छोटा गव्हर्नर वेग सेकंदाला साधारण दहा ठोक्यांवर धरून ठेवी आणि जितका अंक तितक्या वेळा सर्किट तुटे.

अमेरिकेत अल्मन स्ट्रोजरला अशा ठोक्यांवर चालणाऱ्या स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट १८९१ साली मिळाले. यंत्राला बोटाने आकडा सांगायची सवय सामान्य माणसाला लागली ती या एक्स्चेंजमुळे. संगणक तेव्हा कुठेच नव्हता.

तो आला, तोही टेलिफोनच्याच अडगळीतून. नोव्हेंबर १९३७ मध्ये बेल लॅब्जमधले गणितज्ञ जॉर्ज स्टिबिट्झ टाकून दिलेले टेलिफोनचे रिले (विजेने उघडमीट होणारे स्विच) घरी घेऊन गेले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी ते फळीला जोडले. उत्तर दाखवायला टॉर्चचे बल्ब. आकडे द्यायचे कशाने? तंबाखूच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी त्याच्या पट्ट्या केल्या. पट्टी दाबली की एक, सोडली की शून्य. बेरीज होई ती दोन द्विमान अंकांची, एवढीच. पण आजच्या कीबोर्डवरचे प्रत्येक बटण मुळात त्या पट्टीचेच काम करते. ‘किचन’वरून पत्नीने या यंत्राला ‘मॉडेल के’ म्हटले. सप्टेंबर १९४० मध्ये याच विचारातून झालेले मोठे यंत्र न्यूयॉर्कमध्ये ठेवून स्टिबिट्झ यांनी अमेरिकेतल्याच दूरच्या हॅनोव्हर गावातून टेलिप्रिंटरवर त्याला गणिते घातली.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला. त्याला आकडे मिळत ते छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून, म्हणजे तारखात्यात मुरलेल्या तंत्रानेच.

डायलच्या चकतीचे दिवस बटणांच्या फोनने संपवले, तरी तिच्यातला जीव गेलेला नाही. ती फोनमधून सोडवली की मागे धातूच्या पत्त्या दिसतात. काही ठोके देतात, काही चकती जागची हलल्याची खबर देतात. त्यांच्या तारा आर्डुइनो लिओनार्डोसारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडायच्या, ठोके मोजणारा छोटा प्रोग्राम लिहायचा. मग यूएसबीतून संगणकाला ही चकती सरळ कीबोर्डच वाटते. खरी परीक्षा पत्त्यांच्या थरथरीची. मिटताना त्या काही मिलिसेकंद थडथडतात आणि एका ठोक्याचे तीन होतात. तेवढा वेळ प्रोग्रामने कान बंद ठेवावे लागतात. संगणक आकडा कसा ‘ऐकतो’ हे शिकवायला याहून चांगले साधन शाळेला विकत मिळणार नाही, कारण इथे प्रत्येक हालचाल डोळ्यांना दिसते.

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या माळ्यावर असा फोन अजून पडून असेल, तर भंगारात घालण्याआधी तो जवळच्या शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा आयटीआयमध्ये नेऊन द्यावा.