व्हिपलॅश : अपघातानंतर मानेला फिजिओथेरपी कधी सुरू करावी?
मागून गाडीची धडक बसली की डोके झटक्याने मागे-पुढे जाते आणि मानेचे स्नायू व लिगामेंट ताणले जातात. यालाच 'व्हिपलॅश' म्हणतात. दुखणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकते.

हातापायांत मुंग्या, अशक्तपणा किंवा असह्य वेदना असतील तर मान न हलवता तातडीने रुग्णवाहिका बोलवा.

हाड मोडलेले नाही याची डॉक्टरांनी खात्री केल्यावर मात्र मान जखडून ठेवू नका. बरेच दिवस पट्टा लावल्याने स्नायू कमकुवत होतात, मान आखडते. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने मान दोन्ही बाजूंना हळूहळू वळवा. पुढे ताकद वाढवणारे व्यायाम करा. थोडे दुखले तरी घाबरू नका, पण कळ हातात उतरली तर थांबा. बहुतेकांना २ ते ३ महिन्यांत आराम पडतो.