पाणी, गवत आणि आग

जपानमधल्या शिझुओकाच्या डोंगरउतारांवर ग्रीन टीचे छोटे, घरचेच मळे आहेत. शरद ऋतूत तिथले शेतकरी भोवतालच्या माळावरचे गवत कापून वाळवतात आणि चहाच्या ओळींमध्ये अंथरतात. त्याने ओल टिकते, तण दबते, कुजून खत होते. ‘चागुसाबा’ नावाच्या या पद्धतीला २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा मानले. मळ्याला गवत लागत राहिले, म्हणून माळही टिकला.

आपल्या खडवलीच्या पट्ट्यात गवत, पालापाचोळा, शेण भाताच्या रोपांसाठी. फरक एवढाच, की इथे ते जाळून राब भाजतात. इंग्रजांनी जंगले राखीव केली आणि राबासाठी फांद्या तोडणाऱ्यावर बंधने आली. ठाणे-कुलाब्यात असंतोष इतका वाढला, की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला.

पाणी, गवत आणि आग यांत सर्वांचा वाटा आहे, असे हदीस सांगते. राबाला ही तिन्ही लागतात. आज कल्याणपलीकडच्या माळांवर प्लॉट पडत आहेत. माळ गेला, की घरच्या शेतीचे खतही विकतचे होते.