वसई : किल्ला आणि बावखल

वसईचें नांव निघालें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें चिमाजीअप्पांचा वेढा उभा राहतो. शाळेच्या पुस्तकांत वसई एकदां १७३९ सालीं जिंकली जाते, दुसऱ्यांदा १८०२ सालीं तहाच्या कागदावर येते, आणि त्यानंतर नाहींशी होते. परंतु शहराचा इतिहास लढाया आणि तह यांवर संपत नाहीं. ज्या भूमीवर माणसें शेंकडों वर्षें पहांटे उठून पाणी उपसतात, बाजार गांठतात, सण करतात आणि मुलांचीं लग्नें लावतात, तिचा इतिहास विहिरींत, वाडींत आणि चुलीवरही शोधावा लागतो. वसईपुरतें बोलावयाचें तर हा दुसरा इतिहास पहिल्याहून अधिक टिकाऊ ठरला. आणि आज धोक्यांत आला आहे तोही हाच.

या भागाची वस्ती फार प्राचीन. वसईच्या उत्तरेस कांहीं कोसांवर असलेलें सोपारें म्हणजे जुन्या ग्रंथांतील शूर्पारक. पश्चिम समुद्रावरील नामांकित बंदर. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप उकरला, आणि त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा हातीं लागला. पुढें १९५६ सालीं जवळच्या भुईगांवास नवव्या शासनाचाही तुकडा मिळाला. सोपाऱ्याची खाडी कालांतरानें गाळानें भरली, व्यापार इतरत्र गेला, आणि सोळाव्या शतकांत वसईचें नांव पुढें आलें.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीनें अडचणींत आला असतां त्यानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं वसई व तिच्या ताब्यांतील प्रदेश पोर्तुगीजांस तहानें देऊन टाकला. १५३६ पासून किल्ल्याचें काम सुरू झालें. गोवें ही पोर्तुगीजांची पूर्वेकडील राजधानी होती. परंतु त्यांच्या उत्तर प्रांताचा कारभार वसईहून चाले. तटाच्या आंत चौक, रस्ते, देवालयें आणि वाडे उठले. फ्रान्सिस्कन, जेज्विट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या चारही पंथांचे मठ तेथें होते. वसईचा काळा दगड इतका नांवाजलेला कीं गोव्याच्या बॉम जेझुसच्या देवालयासाठीं तो येथून गेला. जवळच्या आगाशीस गलबतें बांधलीं जात.

याच शतकांत हेच पोर्तुगीज अटलांटिक महासागरापलीकडे, दक्षिण अमेरिकेंत, ब्राझीलच्या किनाऱ्यावर शहरें वसवीत होते. तेथील साल्वादोर हें शहर १५४९ सालचें, म्हणजे वसईच्या किल्ल्याहून अवघें तेरा वर्षांनीं धाकटें. दोन्हींकडे तोच राजा, तेच पंथ आणि तशीच दगडी देवालयें. दोन्हींकडे उसाची लागवड. या दोन किनाऱ्यांमधून जहाजांनीं केवळ शिपाई आणि पाद्री नेले नाहींत, बी-बियाणेंही नेलें. अननस, काजू, पपई, पेरू, सीताफळ, बटाटा, तंबाखू आणि मिरची हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडाचीं. आज मिरचीवांचून कोंकणी स्वयंपाकाची कल्पना करवत नाहीं, आणि उपवासाच्या ताटांत बटाटा नसला तर चुकल्यासारखें होतें. परंतु पोर्तुगीज येण्यापूर्वीं हीं दोन्ही नांवें या देशांत कोणास ठाऊक नव्हतीं. बटाटा, काजू, अननस, पाव, पगार, चावी, बादली, घमेलें हे शब्दही त्याच वाटेनें मराठींत येऊन घरचे झाले.

या राज्याची काळी बाजूही विसरतां येत नाहीं. देवळें पाडलीं गेलीं, धर्मांतरें झालीं, इन्क्विझिशनचा धाक उत्तर प्रांतापर्यंत पोंचला. तटाच्या आंत राहण्याचा मान मुख्यत्वें पोर्तुगीज उमरावांचा होता. घाम गाळणारा शेतकरी, कोळी आणि कारागीर बाहेर राहत. तरी त्याच वसईंत १५५७ च्या सुमारास, पोर्तुगीज बाप आणि देशी आई यांच्या पोटीं, गोन्सालो गार्सिया जन्मला. तो व्यापारानिमित्त पूर्वेस गेला, फ्रान्सिस्कन पंथांत शिरला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें त्यास क्रूसावर चढवून मारण्यांत आलें. १८६२ सालीं रोमनें त्यास संतपद दिलें. भारतांत जन्मून ख्रिस्ती संत ठरलेला तो पहिला पुरुष होय.

जुलमास कंटाळलेल्या इकडच्या वतनदारांनीं पेशव्यांकडे दाद मागितली. त्यांत गंगाजी नाईक अंजूरकरांचें नांव प्रसिद्ध आहे. १७३७ सालीं साष्टीवर स्वारी झाली, आणि १७३९ च्या फेब्रुवारीपासून चिमाजीअप्पांनीं वसईस वेढा घातला. मे महिन्यांत सुरुंग लावून तटास खिंडारें पाडण्यांत आलीं, आणि पोर्तुगीजांनीं शरणागतीचा करार केला. पराभूत शिबंदीस सन्मानानें बाहेर पडूं दिलें, आणि जे ख्रिस्ती रहिवासी मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. देवालयांच्या घंटा मात्र विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या. भीमाशंकरास आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत तशा घंटा आजही आहेत. वज्रेश्वरीस बोललेला नवस चिमाजीअप्पांनीं देऊळ बांधवून फेडला.

पुढील पाऊणशें वर्षांत किल्ल्यावरचें निशाण वारंवार बदललें. १७८० च्या डिसेंबरांत इंग्रज सेनापति गॉडर्डनें वसई घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती परत मिळाली. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें येथेंच इंग्रजांशीं तह केला, आणि मराठी राज्याच्या स्वातंत्र्याचा शेवट जवळ आणला. एवढ्या उलथापालथींत तटाच्या आंतलें शहर ओस पडलें. छपरें कोसळलीं, भिंतींवर वड-पिंपळ वाढले. परंतु तटाबाहेरची वसई मेली नाहीं. पोर्तुगीज पाद्री गेले, तरी देशी पाद्र्यांनीं गांवोगांवचीं देवालयें चालू ठेवलीं. सरदार गेले, तरी वाडींतला माळी वाडींतच राहिला.

हा माळी तगून कसा राहिला, याचें उत्तर त्याच्या पाण्यांत आहे. वसईच्या पश्चिमपट्टींत समुद्र हांकेच्या अंतरावर, तरी विहिरीचें पाणी गोड. पावसाचें गोडें पाणी वाळूमिश्रित जमिनींत मुरतें, आणि खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यानें त्याच्या वर थर करून राहतें. हा थर जपावा लागतो. उपसा अधिक आणि मुरणें कमी झालें कीं खारें पाणी आंत सरकतें, आणि एकदां खारी झालेली विहीर सहजासहजीं गोड होत नाहीं. वसईकरांनीं यासाठीं बावखलें खणलीं. बावखल म्हणजे वाडीजवळ खणलेलें विस्तीर्ण उघडें तळें. पावसाळ्यांत तें भरे, हळूहळू जमिनींत पाणी सोडी, आणि आसपासच्या विहिरींचा झरा जिवंत ठेवी. उन्हाळ्यांत त्याच पाण्यावर रहाट चाले. इटालियन प्रवासी जेमेली करेरी १६९५ सालीं वसईस आला, तेव्हां येथील बागा आणि उसाचे मळे पाहून त्यानें त्यांची नोंद करून ठेवली. त्या हिरवळीखालीं ही पाण्याची व्यवस्था होती.

या पाण्यावर राजेळी आणि वेलची केळीं, पानवेली, मोगरा आणि तऱ्हेतऱ्हेचा भाजीपाला पिकला. पिकलेलें राजेळी केळें सोलून कित्येक दिवस उन्हांत वाळवावयाचें, आणि केळीच्याच सुक्या पानांत गुंडाळून ठेवावयाचें, तें वसईचें सुकेळें. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईस पहिली गाडी सुटली. त्या काळीं दिवसांत जाणारी एक व येणारी एक एवढीच गाडी होती. १९३६ सालीं विजेच्या गाड्या विरारपर्यंत आल्या. मग पहांटेच्या गाडीनें फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या व दुधाचीं भांडीं मुंबईच्या बाजारांत जाऊं लागलीं. रेल्वे मात्र जुन्या गांवापासून दूर पूर्वेकडून गेली. ‘वसई रोड’ या स्थानकाच्या नांवांतच तें अंतर नोंदलेलें आहे.

घरांतल्या जेवणाकडे पाहिलें तर साऱ्या इतिहासाची सरमिसळ एका पानांत सांपडते. तांदळाची भाकरी आणि मासळी हें सर्वांचें समान अन्न. कोळीवाड्यांत बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळतात, आणि तेच पावसाळ्याची बेगमी होतात. थंडी पडली कीं वाडवळांच्या घरीं कंद, शेंगा आणि भाज्या एकत्र शिजवून उकडहंडी होते. ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यांत बाटलीचा मसाला कुटला जातो; मिरचीसह अनेक जिन्नस भाजून, कुटून, काळ्या बाटल्यांत ठासून भरावयाचे, म्हणून हें नांव. लग्नकार्यांत फुगे तळतात. त्यांचें पीठ पूर्वीं ताडीनें आंबवीत. ताडी कोंकणची, गहूं देशावरचा, आंबवण्याची रीत पोर्तुगीज पावाची, आणि शेजारच्या रश्शांतील मिरची अमेरिकेची. पण खाणारा त्यास आपलेंच अन्न म्हणतो, आणि त्याचें म्हणणें खरें आहे.

भाषेचीही हीच कथा. सामवेदी समाजाची कादोडी बोली ख्रिस्ती आणि हिंदु अशा दोन्ही घरांत बोलली जाते. वाडवळी, कोळी, आगरी या बोलींनीं शेजार केला आहे. तांबड्या चौकड्यांचें लुगडें नेसलेली कुपारी आजी देवालयांत मराठींतच प्रार्थना म्हणते. येथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल सुबोध मराठींत आणलें, आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ सालीं ते निवर्तले.

आतां या इतिहासाचें अगदीं अलीकडचें पान. १९९० सालीं या भागाचें नियोजन सिडकोकडे आलें, आणि स्थानकाच्या दोन्ही अंगांस इमारती उठूं लागल्या. पूर्वेस एव्हरशाईन सिटी हें असेंच एक नवें नगर. मुंबईंत ज्यांस जागा परवडली नाहीं, अशा हजारों कुटुंबांस येथें स्वतःचें घर मिळालें. ही गोष्ट लहान नव्हे. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत तिची वस्ती बारा लाखांवर भरली. २०१४ सालीं तालुका नव्या पालघर जिल्ह्यांत आला. पण या नव्या वस्तीच्या आरंभीं पाणी कोठून आलें? वसईच्या वाड्यांतील विहिरींतून, टँकर भरभरून. विहिरी खाऱ्या होऊं लागल्या, तेव्हां फादर दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समितीचें आंदोलन उभें राहिलें. मुद्दा साधा होता: जमिनींत मुरतें त्याहून अधिक पाणी काढूं नये.

पुढें सूर्या धरणाचें पाणी नळानें आलें, आणि टंचाईची धार कांहींशी बोथट झाली. परंतु बावखलें बुजवणें, खाजणांवर आणि पाणथळ जागांवर भराव टाकणें चालूच राहिलें. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत याचें दुसरें टोंक दिसलें: रुळांवर पाणी आलें, गाड्या बंद पडल्या, आणि घरोघर वीज-पाण्याचे हाल झाले. जें पाणी एके काळीं बावखलांत आणि खाजणांत शिरत असे, तें आतां जिन्यांत आणि दुकानांत शिरतें. उन्हाळ्याची टंचाई आणि पावसाळ्याचा पूर हीं दोन संकटें नसून एकाच दुर्लक्षाचीं दोन रूपें आहेत.

म्हणून बावखलाचा प्रश्न केवळ जुन्या वाडीवाल्यांचा नाहीं. एव्हरशाईन सिटीच्या चवथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाचाही तो तितकाच आहे. किल्ल्याचे तट राखण्यास पुराणवस्तु खातें आहे. उरलेलीं बावखलें राखण्याचें काम मात्र ज्यांच्या दारांत तीं आहेत त्यांचें, आणि ज्यांच्या नगरपालिकेच्या नकाशावर तीं दाखवलीं गेलीं पाहिजेत त्या सर्वांचें आहे. वसईनें आजवर अनेक सत्ता आल्या-गेलेल्या पाहिल्या, आणि तिचें पाणी गोड राहिलें म्हणूनच ती प्रत्येक वेळीं पुन्हां उभी राहिली.